पांढरी कावीळ आणि २०११ पूर्वी जन्मलेले आपण

आमच्या लॅबमध्ये एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. तिशी-चाळिशीतला धडधाकट माणूस हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या करायला येतो. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, पण एचबीएसएजीच्या, म्हणजे पांढऱ्या काविळीच्या रक्ततपासणीच्या, कार्डावर एकाऐवजी दोन रेघा उमटतात, म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह. रिपोर्ट वाचून तो म्हणतो, "अहो, मला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही!" तो खोटं बोलत नसतो आणि बहुतेक वेळा रिपोर्टही चुकलेला नसतो. असं कसं होतं, हे शांतपणे सांगता यावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आपल्याकडे ज्याला 'पांढरी कावीळ' म्हणतात, तो हिपॅटायटिस बी. त्यात डोळे पिवळे व्हायलाच हवेत असं नाही. विषाणू कोणत्या वयात शरीरात शिरला, यावर पुढचं सगळं ठरतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पाचही अशा कायमच्या संसर्गात अडकत नाहीत, बाकीच्यांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. म्हणजे आज चाळिशीत सापडलेली लागण बऱ्याचदा पाळण्यातली असते. ती वर्षानुवर्षं गप्प राहते आणि काहींच्या बाबतीत पुढे सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा लिव्हरच्या कॅन्सरपर्यंत जाते.

देशातलं चित्र बदलतं आहे ते लसीमुळे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस भारतात बनवली आणि ती आवाक्यात येऊ लागली. सरकारी लसीकरणात २००२-०३ मध्ये काही जिल्ह्यांत आणि शहरांत सुरुवात झाली, २०११ मध्ये ती देशभर पोहोचली. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीमधून. या मुलांना मोठं संरक्षण मिळालं आहे. तैवानने हेच १९८४ मध्ये सुरू केलं, आणि तिथे मुलांमधला लिव्हरचा कॅन्सरसुद्धा कमी झाला.

पण आपल्याकडे २०११ पूर्वी जन्मलेल्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना हा जुनाट संसर्ग होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. आजाराचा भार आता मुलांवरून मोठ्यांवर सरकतो आहे. म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे की लहानपणी ही लस घेतलेली नसेल तर एकदा एचबीएसएजी करून घ्या. घरात कुणाला ही लागण असेल, लिव्हरच्या आजाराने कुणी गेलं असेल, तर नक्कीच. जुन्या रिपोर्टांवर याच तपासणीला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणत. तो कागद फायलीत असेल तर घेऊन या. मात्र लस नुकतीच घेतली असेल तर महिनाभर थांबा, नाहीतर लसीमुळेच तपासणी पॉझिटिव्ह दिसू शकते.

तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे लगेच औषध, असं नसतं. कार्डावरचा निकाल आम्ही एलायझा या यंत्रावरच्या रक्ततपासणीने पडताळतो. सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग जुनाट. मग एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का ते सांगणारी रक्ततपासणी), विषाणूचं प्रमाण सांगणारी डीएनए तपासणी आणि सोनोग्राफी बघून डॉक्टर ठरवतात. काहींना टेनोफोव्हिरची रोजची एक गोळी लागते, काहींना फक्त नियमित तपासण्या. कावीळ 'उतरवून' घेण्यात, चुन्याच्या पाण्यात हात धुण्यात किंवा डाग देण्यात वेळ घालवू नका, त्याने विषाणूला काही होत नाही. मधल्या काळात दारू पूर्ण बंद.

आणि कृपा करून ताट-वाटी वेगळी करू नका. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून, दुसऱ्याची वापरलेली सुई, वस्तरा, ब्लेड यांतून पसरतो. जोडीदाराची आणि मुलांची तपासणी करा, निगेटिव्ह आलेल्यांनी लस घ्यावी. मोठ्यांसाठी तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. गरोदर बाईची तपासणी पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणाच्या दवाखान्यात आधीच सांगून ठेवा, म्हणजे बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडींचं) इंजेक्शन वेळेत मिळेल. त्यानंतर आईने बाळाला खुशाल अंगावर पाजावं.

आम्ही तपासणीचे पैसे घेतो, म्हणून हेही सांगणं आमचं कर्तव्य आहे: २८ जुलै २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ठरलेल्या सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. खर्चाची अडचण असेल तर तिथे जा.

आमच्याकडे यायचं असेल तर उपाशीपोटी येण्याची गरज नाही. हा रिपोर्ट आम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवत नाही आणि फोनवर सांगत नाही. तो बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात देतो.