पार्श्वभूमी: सीमाभागात मुलांचे मन अभ्यासातून कुठे उडते

"याचं अभ्यासात लक्षच नाही" ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बहुतेक वेळा मूल आठवीत गेल्यावर ऐकू येते. गाडी अडलेली असते मात्र दुसरी-तिसरीतच. लक्ष न लागणे हा तिथल्या अडचणीचा परिणाम आहे आणि आपण त्यालाच कारण समजून मुलाला रागावतो. ही अडचण कशी तयार झाली ते कळायला या भागातल्या शाळांच्या भाषेचा इतिहास पाहावा लागतो.

मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागात इंग्रजी अमलात सुरुवातीला शाळांवर मराठीचाच पगडा होता. घरी कन्नड बोलणारी कितीतरी मुले मराठीतून धडे गिरवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी नेट लावला, तेव्हा हे चित्र बदलू लागले. आज मराठी पालकांना जे सोसावे लागते ते एके काळी कन्नड पालकांनी सोसले आहे, आणि सीमाप्रश्नावर बोलताना हे विसरू नये असे आम्हाला वाटते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350-अ आणले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोय करावी. त्याआधी 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी एक हिशेब ठरवला होता. शाळेत त्या भाषेची 40 मुले किंवा एका वर्गात 10 मुले असली, तर त्या भाषेतून शिकवणारा शिक्षक द्यायचा. पट भरलेला होता तोवर हा आकडा मराठी शाळांच्या बाजूने होता. पुढे पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले, पट घसरला आणि तोच आकडा उलटा लागू लागला. वर्गात सहा-सात मुले उरली की दोन-तीन इयत्ता एकाच गुरुजींकडे येतात. गुरुजी चौथीला गणित देतात तेव्हा पहिली-दुसरीची मुले फळ्यावरचे उतरवत बसतात. उतरवणे म्हणजे वाचणे नव्हे. वही भरलेली दिसते, त्यामुळे घरी कुणाला संशय येत नाही.

1980 च्या दशकात भाषेचा प्रश्न रस्त्यावर आला. वि. कृ. गोकाक समितीने 1981 मध्ये माध्यमिक शाळेत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली. त्यावर कर्नाटकात मोठे आंदोलन झाले आणि 1982 मध्ये तसा सरकारी आदेश निघाला. बेळगावात 1986 मध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याचेच. 1989 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एकमेव प्रथम भाषेची सक्ती रद्द केली. 1994 च्या आदेशाने पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम ठरवले. तो आदेशही 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे टिकला नाही. त्यानंतर 2015 चा कन्नड शिक्षण कायदा आला. 2017-18 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने प्रत्येक शाळेत कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा झाली. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. या सगळ्या काळात मुले मात्र दर जूनला नव्या वर्गात बसत राहिली.

आता वर्गात काय होते ते पाहू. मराठी शाळेतल्या मुलासमोर पहिल्या काही वर्षांतच देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या येतात. तीन भाषा कानावर पडणे वाईट नाही. बेळगावच्या बाजारात भाजीवालीसुद्धा मराठी, कन्नड, हिंदी सहज बोलते. अडचण लिपीची आणि क्रमाची आहे. देवनागरीत जोडाक्षरात पहिले व्यंजन अर्धे होते, दुसरे पूर्ण राहते. कन्नडमध्ये पहिले व्यंजन पूर्ण आकारात लिहितात आणि दुसरे त्याच्याखाली लहान चिन्हाने येते, त्याला ओत्तक्षर म्हणतात. मराठीची जोडाक्षरे पक्की नसलेले मूल वरचे अक्षर वाचते, खालचे सोडून देते. 'अम्म'चे 'अम' होते. रफाराचेही तसेच. आपण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर देतो, कन्नडमध्ये त्याचे चिन्ह पुढच्या अक्षरानंतर येते, म्हणून मूल 'र' चुकीच्या जागी उच्चारते. शिवाय कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे वेगळे स्वर आहेत. मराठी कानाला तो फरक सांगितल्याशिवाय कळत नाही. या चुका मठ्ठपणाच्या नाहीत, ठरावीक आहेत. आठवडाभर फक्त ओत्तक्षराचे शब्द घेतले तर त्यातल्या बऱ्याच निघून जातात. त्या न काढता धडा पुढे रेटला तर मूल अंदाजाने वाचायला शिकते आणि ती सवय मग मराठी वाचनातही शिरते.

दुसरा गुंता पुस्तकांचा. कर्नाटकातील मराठी माध्यमाची गणित, विज्ञान, समाज विज्ञानाची पुस्तके मुख्यतः भाषांतरित असतात. वाक्ये लांब, शब्द घरात न ऐकलेले. कोल्हापूरकडून आलेली मार्गदर्शके महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची, त्यामुळे ती इथे जुळत नाहीत. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामेभावाचे पुस्तक मागून आणले तरी तेच.

आणि घरचे काम. निपाणीत विडीचे पान, जर्दा आणि दोरा घरी येतो, मजुरी हजार विड्यांवर मिळते. पान भिजवणे, साच्याप्रमाणे कापणे, वळणे हे आई करते. दोरा बांधणे, तोंड दुमडणे मुलींकडे येते. शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ, म्हणजे नेमका वाचनाचा वेळ, त्यात जातो. 1986 च्या बालकामगार कायद्याने विडीकाम मुलांना मना केले, पण घरच्या कुटुंबासह चालणारे काम वगळले. तीच फट निपाणीत घरोघरी होती. 2016 च्या दुरुस्तीने घरच्या मदतीतूनही धोक्याची कामे वगळली. संध्याकाळी पाटावर बसलेली मुलगी तेवढ्याने उठली असे नाही. ऊसपट्ट्यात वेगळे दिसते. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मुले इथे असतात. नाव महाराष्ट्रातल्या शाळेत, मूल कर्नाटकातल्या फडावर. खानापूरच्या कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात जून ते ऑगस्टचा पाऊस हजेरी खातो, आणि वर्षातला अक्षरओळखीचा काळ नेमका तोच.

2010 पासून शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत नापास करणे थांबले. पुष्कळजण सारा दोष त्यालाच देतात, आम्हाला ते पटत नाही. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये प्रत्येक मुलाची पातळी तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. पहिला भाग पाळला गेला, दुसऱ्याला माणसेच मिळाली नाहीत. म्हणून मूल सरकत सरकत हायस्कूलला पोहोचते. तिथे विषयाला वेगळे शिक्षक, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे तास, बऱ्याच वेळा दुसऱ्या गावी जाणे. वाचता न येणे लपवायची जागा उरत नाही. मग मूल मागच्या बाकावर बसते, पोट दुखल्याचे सांगते, गैरहजर राहते.

तपासणी घरीही करता येते. केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत कार्यक्रमात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीला किमान 60 शब्द समजून वाचणे हे लक्ष्य आहे. आठवीच्या मुलाला तिसरीचा न वाचलेला उतारा द्या, घड्याळ लावा, मग त्यातलेच दोन प्रश्न विचारा. मिनिटाला 40 शब्दांच्या आसपास अडखळत असेल तर शिकवणी लावून आठवीचा अभ्यास घेण्यात अर्थ नाही. रोज 20 मिनिटे तिसरीचेच मोठ्याने वाचन, जोडाक्षरे वेगळी काढून, निदान तीन महिने. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार पाहा. बीजगणित त्यावरच उभे असते.

शेवटचा अडथळा दहावीनंतरचा. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेला, मराठी ही प्रथम भाषा असते आणि मराठीतून उत्तरे लिहिता येतात. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान इंग्रजीतून सुरू होते आणि चांगले गुण मिळवलेले मूलही पहिल्या चाचणीत गडगडते. इथे भाषांतराचा एक फायदा उचलता येतो: कर्नाटकच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात तेच धडे, तीच आकृती, तीच उदाहरणे असतात. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये दहावीच्या विज्ञान आणि गणिताची मराठी आणि इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवून, प्रत्येक धड्यातले पंधरा-वीस शब्द वहीत जोडीने लिहून वाचावीत. पुस्तकांच्या पीडीएफ राज्याच्या पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.