पाइप टिकतो, जॉइंट गळतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं ब्लीचिंग-डाईंग करणाऱ्या कुणालाही विचारा, हायपोची लाइन आधी कुठं गळते, तो सांगणार जॉइंटला. पाइपला सहसा काही होत नाही. पीव्हीसीला हायपो, म्हणजे ब्लीचिंगचं सोडियम हायपोक्लोराइट, चालतं असं कुठल्या मटेरियलला कुठलं केमिकल चालतं त्या तक्त्यात लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे. प्लंबर पण म्हणतो "पाइप एक नंबर हाय ओ, सोल्युशन पण चांगलंच टाकलंय". तोही खोटं बोलत नाही, तरी काही महिन्यांनी एल्बोच्या कडेला पांढरी खपली धरते आणि मग थेंब सुरू.

आपण ज्याला सोल्युशन म्हणतो तो नुसता गोंद नसतो. टीएचएफ, एमईके असल्या सॉल्व्हंटमध्ये पीव्हीसीच विरघळवलेलं असतं, ते पाइप आणि सॉकेट दोन्हींचा वरचा थर मऊ करतं आणि सॉल्व्हंट उडून गेला की दोन्ही एकजीव होतात. पण पातळ सोल्युशन फट भरत नाही, म्हणून बऱ्याच सोल्युशनांत दाटपणासाठी बारीक सिलिका घालतात, पिठलं पातळ झालं की वरून बेसन लावतात तसं. घोळ इथंच आहे. हायपो टिकावं म्हणून त्यात थोडं कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा, ठेवलेलंच असतं आणि असलं अल्कली सिलिकाला हळूहळू खातं. पाइप शाबूत, पीव्हीसी शाबूत, मधला भराव मात्र झिजत जातो आणि तिथून वाट तयार होते. हायपो-कॉस्टिकच्या लाइनसाठी वेगळं सोल्युशन मिळतं, पण हार्डवेअरच्या दुकानात मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, तक्ता बघा पण चाचणी जॉइंटची घ्या, आणि ताण देऊन घ्या.

सुट्या मटेरियलची चाचणी तशी सोपी आहे. तुकडा कापायचा, वजन करायचं, जाडी मोजायची, काचेच्या बरणीत ते लिक्विड घालून बुडवून ठेवायचं आणि आठवड्याने परत वजन. सराफाकडे असतो तसला काटा असला तर बरं, कारण फरक मिलिग्रॅममध्ये असतो. शेजारी दुसऱ्या बरणीत साध्या पाण्यात तसाच तुकडा हवाच, नाहीतर फुगला तो केमिकलने की नुसत्या पाण्याने हे कळणार कसं? लॅबमध्ये प्लास्टिकसाठी एएसटीएम या अमेरिकन मानकांतली डी५४३ आणि रबरासाठी डी४७१ या पद्धती आहेत, गाभा हाच. आणि वजन तेवढंच राहिलं म्हणून खूश होऊ नका. मऊ पीव्हीसी नळीतून प्लास्टिसायझर, म्हणजे तिला मऊ ठेवणारा घटक, बाहेर जातो आणि तेवढंच लिक्विड आत शिरतं, काटा म्हणतो काही झालं नाही, नळी मात्र पार बदललेली असते. वाकवून बघा, नखाने दाबून बघा. वॉशरचं तर रबर कुठलं हे विचारल्याशिवाय घेऊच नका, पेट्रोल-तेलाला नायट्राइल चालतं आणि ईपीडीएम फुगतं, हायपोला मात्र नायट्राइल नको, तिथं व्हिटॉन बरं.

चिकटवलेल्या जॉइंटला दोन पट्ट्या एकावर एक थोड्या चढवून चिकटवतात, पूर्ण सुकू देतात, बुडवतात आणि मग ओढून तोडतात, न बुडवलेल्या जोडीशी तुलना करायची. किती जोर लागला यापेक्षा मला तुटलेली जागा बघायला जास्त आवडतं. दोन्ही पट्ट्यांवर गोंद राहिला तर गोंद स्वतः फाटला, पकड ठीक होती. एक पट्टी धुतल्यासारखी स्वच्छ निघाली तर लिक्विड गोंद आणि पट्टीच्या मधे घुसलं, मग भारीतला गोंद आणूनही उपयोग नाही, पृष्ठभागाची तयारीच चुकली. याहून कडक म्हणजे वेज टेस्ट, चिकटवलेल्या दोन पट्ट्यांत पाचर ठोकायची, चीर जिथं थांबली तिथं खूण करायची आणि मग बुडवायचं. चीर खुणेच्या पुढं किती सरकली ते मोजायचं.

ताण का एवढा महत्त्वाचा, तर पॉलिइथिलीनची टाकी घ्या. साबण किंवा डाईंगमधला वेटिंग एजंट, म्हणजे कापड लवकर भिजवणारं रसायन, तिचं काही बिघडवत नाही, तुकडा महिनाभर बुडवा, वजन तेच. पण तोच तुकडा वाकवून, त्यावर एक चीर मारून साबणाच्या गरम पाण्यात ठेवला तर तडकू शकतो. टाकीच्या नोझलपाशी, जिथं पाइपाचं वजन लोंबकळतं, नेमकी हीच परिस्थिती असते. (आणि पॉलिइथिलीनला एपॉक्सी किंवा फेविक्विक लावायच्या भानगडीत पडू नका, धरत नाही, वेल्डिंगच करावं लागतं.)

मोठमोठ्यांनाही हे चुकलं नाही. १९६६ मध्ये नासाच्या अपोलो यानाच्या टायटॅनियम टाक्यांची प्रेशर चाचणी करताना विषारी इंधनाऐवजी मिथेनॉल भरलं होतं, साधं आणि सुरक्षित म्हणून. ताणाखालचं टायटॅनियम मिथेनॉलमध्येच तडकलं.

आपल्याकडं वर ऊन आहेच, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं, म्हणून चाचणी एसी खोलीत न घेता जिथं लाइन आहे त्या पत्र्याखाली घ्या. हायपोच्या बरणीचं झाकण गच्च लावू नका, उष्णतेने त्यातून ऑक्सिजन सुटतो, बंद बॉल व्हॉल्वमध्ये अडकलेलं हायपो याच कारणाने व्हॉल्व फोडू शकतं. ग्लोव्हज-गॉगल घाला, आणि शेजारच्या बरणीत ॲसिटिक ॲसिड असेल तर आधी ती दुसऱ्या खोलीत न्या, दोन्ही एकत्र सांडलं तर क्लोरीन निघतो.