प्लेटलेट्स: रक्त गोठवताना आणि दम्यात

डेंग्यूमुळे प्लेटलेट्स घराघरांत ओळखीच्या झाल्या आणि सोबत एक आकडाही डोक्यात बसला: दीड ते साडेचार लाख. त्यामुळे दम्यात प्लेटलेट्सचा हात असतो असं म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "पण काउंट तर नॉर्मल आहे ना?" पाठोपाठ दुसरं अनुमान: मग रक्त पातळ करणारी गोळी घेतली की श्वास मोकळा होईल. दोन्ही चूक आहेत, आणि दुसरं तर धोक्याचं आहे. रक्त गोठवणं आणि सूज भडकवणं ही प्लेटलेट्सची दोन निराळी कामं आहेत, हे कुणी नीट सांगतच नाही.

पहिलं काम तुम्हाला माहीत आहे. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट्स तिथे चिकटतात, एकमेकींना धरतात, वर फायब्रिनचं जाळं विणलं जातं, रक्त थांबतं.

दम्यात त्या धरतात ते पांढऱ्या पेशींना, विशेषतः इओसिनोफिल्सना. प्लेटलेट सक्रिय झाली की तिच्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन येतं आणि त्यावर पांढरी पेशी अडकते. अशी जोडी जमली की ती पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला जास्त घट्ट चिकटते आणि भिंत ओलांडून श्वासनलिकेच्या अस्तरात शिरते. तिथे सूज येते, नळी अरुंद होते. या सगळ्यात गुठळी कुठेच झालेली नसते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीत, प्लेटलेट्स किती आहेत ते कळतं; त्यांतल्या किती सक्रिय आहेत आणि किती पांढऱ्या पेशींना चिकटल्यात, ते त्यात दिसतच नाही. म्हणून दम्याच्या बाबतीत त्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं मला अजिबात मान्य नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी ॲलर्जीचा दमा निर्माण केलेल्या उंदरांमधल्या प्लेटलेट्स कमी केल्या, तेव्हा फुप्फुसांत शिरणाऱ्या इओसिनोफिल्सची संख्या घटली. बाहेरून प्लेटलेट्स दिल्यावर ती पुन्हा वाढली, पण दिलेल्या प्लेटलेट्सवर पी-सिलेक्टिन असेल तरच. शिवाय प्लेटलेट्सवर आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाचे ग्राहकही (रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे रेणू) असतात, म्हणजे धूळ-परागकणांची वर्दी त्यांना थेट मिळू शकते.

आता गोळ्यांकडे. क्लोपिडोग्रेल ही हृदयासाठी दिली जाणारी रक्त पातळ करणारी गोळी प्लेटलेटवरचा पी२वाय१२ हा ग्राहक अडवते, त्यामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटणं कमी होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र पांढऱ्या पेशींना फुप्फुसात आणण्याचं काम पी२वाय१ या दुसऱ्या ग्राहकावर अवलंबून असल्याचं दिसलं. एक वाट बंद केली म्हणून दुसरी बंद होत नाही. हृदयासाठी दिलेली गोळी दम्यावर चालेल हे गृहीत धरू नये, ते यासाठी.

ॲस्पिरिनचं प्रकरण याहून गंभीर आहे. दमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण ७ टक्के लोकांना ॲस्पिरिनने दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. त्यांना बहुधा नाकात पॉलिपही (अस्तराचे मऊ फुगवटे) असतात. फ्रान्समध्ये फर्नांद विदाल यांनी १९२२ मध्येच याचं वर्णन केलं होतं. ॲस्पिरिन कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे सूज आवरून धरणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ कमी होतं आणि श्वासनलिका आवळणाऱ्या ल्युकोट्रायिन्सचा लोंढा येतो. इथेही प्लेटलेट आहेच. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी ल्युकोट्रायिनचा कच्चा माल बनवते, पण त्यातून ल्युकोट्रायिन सी४ करणारं विकर तिच्याकडे नसतं. ते चिकटलेल्या प्लेटलेटकडे असतं. या रुग्णांच्या रक्तात आणि नाकातल्या पॉलिपमध्ये अशा जोड्या जास्त सापडतात. गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी गोळीच या लोकांचा श्वास कोंडते.

म्हणून दमा आणि नाकात पॉलिप असेल तर डोकेदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. दुकानदाराचा सल्ला पुरेसा नाही. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन आधीच चालू असेल, तर हे वाचून ती परस्पर बंद करू नका. श्वासाचा त्रास होत असेल तर तो लगेच डॉक्टरांना सांगा, पर्याय त्यांनाच ठरवू द्या.