संगणक बुद्धिबळ स्पर्धांतील ओपनिंग बुक : वापर आणि नीती

ओपनिंग बुक म्हणजे बुद्धिबळ इंजिनासाठी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, आधीच साठवून ठेवलेला सुरुवातीच्या चालींचा संग्रह. पटावरची स्थिती या संग्रहात सापडते तोवर इंजिन स्वतः काही मोजत नाही. ठरलेली चाल क्षणात खेळते आणि घड्याळातला वेळ वाचवते. संग्रह संपला की ते 'बुकबाहेर' पडते आणि तिथून त्याचा स्वतःचा विचार सुरू होतो. काही वेळा तोवर डावाचा कल ठरूनही गेलेला असतो, आणि वादाचे मूळ इथेच आहे.

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांनुसार डाव चालू असताना खेळाडूला कोणतीही टिपणे पाहता येत नाहीत. मग यंत्राला अख्खा संग्रह उघडा ठेवायची मुभा का? समर्थक म्हणतात की ग्रँडमास्टरही शेकडो प्रकार पाठ करूनच पटावर बसतो, आणि यंत्राची फाइल हीच त्याची स्मरणशक्ती. हा युक्तिवाद अर्धाच पटतो. ग्रँडमास्टरला ते पाठांतर स्वतः करावे लागते. इंजिनाचे बुक मात्र बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याहून वेगळ्याच कुणी रचलेले असते. नेदरलँड्सच्या येरून नूमेन यांनी आधी रेबेल आणि नंतर रिब्का या इंजिनांसाठी बुके तयार केली. असा बुककार चांगला असेल तर विजयाचा काही वाटा त्याचा असतो, आणि तो नाव घेऊन द्यायला हवा.

सर्वांत गाजलेले उदाहरण ११ मे १९९७ चे, न्यूयॉर्कमधले. आयबीएमच्या डीप ब्ल्यू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या, निर्णायक डावात विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांनी कारो-कान बचाव या सुरुवातीत सातव्या चालीला एच-प्यादे एक घर पुढे सरकवले. डीप ब्ल्यूने लगेच घोड्याचा बळी देऊन ई६ वरचे प्यादे मारले. डाव १९ चालींत संपला आणि सामना ३.५–२.५ असा यंत्राने जिंकला. घोड्याची ती चाल यंत्राने शोधलेली नव्हती, ती बुकातून आली होती. आयबीएमच्या चमूतले ग्रँडमास्टर मिगेल इयेस्कास यांनी पुढे २००९ च्या मुलाखतीत सांगितले की ती चाल त्याच दिवशी सकाळी बुकात घातली होती. दोन डावांच्या मध्ये प्रोग्रॅममध्ये बदल करायची मुभा असल्याने यात नियमभंग नव्हता. मात्र 'यंत्राने माणसाला हरवले' या मथळ्यामागे त्या सकाळी काम करणारी माणसेच होती, हे विसरून चालत नाही.

इंजिनांच्या आपसांतल्या सामन्यांत अडचण निराळी असते. एकाच वेळमर्यादेत जुने प्रोग्रॅम बऱ्याचदा तेच तेच खेळत. त्यामुळे एखादा प्रतिस्पर्धी ज्या मार्गाने हरतो तो हेरून बुकात घातला, की तोच डाव पुन्हा पुन्हा जिंकता येई. अशा संग्रहाला 'किलर बुक' म्हणतात. १९९० च्या दशकात स्वीडनच्या एसएसडीएफ या संगणक बुद्धिबळ संघटनेच्या मानांकन यादीवरचे स्थान प्रोग्रॅमच्या विक्रीला हातभार लावत असे, त्यामुळे अशा तयारीवरून तक्रारी होत राहिल्या. प्रत्यक्ष स्पर्धेत समोरच्याचा अभ्यास करून येणे हा खेळाचाच भाग आहे. त्यात गैर काही नाही. मानांकन यादीचे तसे नाही. ती इंजिनाची ताकद सांगण्याचा दावा करते, आणि एकच डाव पंधरा वेळा मोजला तर तो दावा खोटा ठरतो.

यावर उपाय झाले ते बहुतेक बुक काढून घेण्याचे. ग्रँडमास्टर जॉन नन यांनी निवडलेल्या दहा स्थितींपासून, दोन्ही रंगांनी, इंजिने खेळवण्याची पद्धत रूढ झाली. माइन्झला २००५ पासून संगणकांची चेस९६० स्पर्धा काही वर्षे भरली. त्यात मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठीने मांडली जात असल्याने पाठांतराला वावच उरत नव्हता. २०१० मध्ये मार्टिन थोरेसेन यांनी सुरू केलेल्या टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत आयोजकच सुरुवात ठरवतात आणि प्रत्येक इंजिनाला ती एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने खेळावी लागते. त्यामुळे न्याय साधतो, पण निवडीची सत्ता आयोजकाच्या हाती जाते. समतोल सुरुवात दिली तर आजची बलाढ्य इंजिने बहुतेक डाव बरोबरीत सोडवतात. म्हणून मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती दिल्या जातात. कोणतीही शहाणी इंजिने स्वतःहून ज्या वाटेला जाणार नाहीत, तिथे त्यांना ढकलून त्यांची तुलना करणे कितपत योग्य, हा वाद अजून मिटलेला नाही.

बुक काढून घेणेही नेहमी निष्पक्ष ठरत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिश या बलाढ्य इंजिनाविरुद्ध १०० डावांत २८ विजय आणि ७२ बरोबरी अशी कामगिरी जाहीर केली, तेव्हा स्टॉकफिशला बुकाविना खेळवले होते. आक्षेपांच्या यादीत हाही मुद्दा होता. २०१८ च्या शोधनिबंधात बुकासह आणि टीसीईसीच्या सुरुवातींसह खेळवलेले सामने आले. अल्फाझीरो त्यातही वरचढ ठरला, तरी पहिल्याच वेळी ते केले असते तर शंकेला जागा उरली नसती.

उसनवारीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. २०११ मध्ये संगणक-खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना आयसीजीए हिने रिब्काची २००७ ते २०१० ची विश्वविजेतेपदे काढून घेतली, पण आरोप प्रोग्रॅमच्या कोडविषयी होता, बुकाविषयी नव्हता. चालींचा क्रम कुणाच्या मालकीचा मानला जात नाही. त्यातली निवड आणि कोणत्या चालीला किती पसंती द्यायची हे मात्र कष्टाने ठरते. प्लेचेससारख्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या सर्व्हरवर अनेकांकडे एकच इंजिन असते आणि फरक पडतो तो बुकाने. तिथे दुसऱ्याचे शेकडो डाव उतरवून त्याचे बुक जवळपास जसेच्या तसे उभे करता येते. ही चोरी की अभ्यास, यावर एकमत नाही. संपूर्ण फाइल उचलून स्वतःचे नाव लावणे मात्र कुणीच योग्य मानत नाही.

२०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकून स्थितीचे मोल ठरवणारी गणनापद्धती) आल्यापासून बुक आणि इंजिन यांच्यातली सीमाही पुसट झाली आहे. लाखो डावांवर शिकलेल्या नेटवर्कमध्ये सुरुवातीचे पुष्कळ ज्ञान आकड्यांच्या रूपात मुरलेले असते. पुढे स्टॉकफिशची नेटवर्के लीला या दुसऱ्या इंजिनाच्या डावांच्या माहितीवरही शिकवली गेली, उघडपणे आणि परवान्याच्या चौकटीत. बुकाची फाइल बंद करणे आयोजकाला शक्य असते, पण नेटवर्कमधून सुरुवातीचे ज्ञान तेवढे वेगळे काढण्याची सोय त्याच्याकडे नाही.