पिल्लाला मलम लावायच्या आधी जरा थांबा

मांजराच्या पिल्लाच्या कानामागचे केस गेले, नाकावर खपली आली, की आमच्या इंदुरात प्रत्येकाकडे निदान तयार असतं. रामबागेतल्या आजी म्हणतात गजकर्ण, वरच्या माळ्यावरचे काका म्हणतात लूत, आणि मेडिकलवाला काहीच न विचारता माणसांची एक ट्यूब काउंटरवर ठेवतो. आता गोष्ट अशी आहे की त्या एका टकलामागे बुरशी असू शकते, माईट्स म्हणजे कातडीवरचे बारीक किडे असू शकतात, पिसवा असू शकतात, नाहीतर बोक्याने मारलेला साधा पंजा असू शकतो, आणि चौघांवरचे इलाज एकदम वेगळे. नुसतं बघून अनुभवी डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगत नाहीत, ते खरवडून, केस उपटून, दिव्याखाली धरून बघतात.

सगळ्यात जास्त बोलबाला बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा. मांजरांमध्ये हे बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीमुळे होतं. तिला केराटिन लागतं, म्हणजे केस, नखं आणि कातडीचा वरचा मेलेला थर ज्याचा बनतो ते प्रोटीन, त्यामुळे ती केसाच्या आत शिरते आणि केस पोकळ होऊन मुळाजवळ तुटतो. माणसाच्या हातावर जशी गोल रिंग उठते तशी पिल्लावर उठेलच असं नाही, कधी नुसतं विरळ ठिकाण दिसतं, कधी कोंडा, कधी मिशाच तुटलेल्या. पिल्लांना हे जास्त होतं कारण त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते आणि स्वतःला चाटून साफ ठेवणंही त्यांना नीट जमत नाही. पर्शियन मांजरांचं तर विशेषच, त्यांच्या लांब केसांत बुरशी आरामात राहते आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून महागातलं पर्शियन पिल्लू घरी आणलं आणि तीन आठवड्यांत घरातल्या पोरांच्या गळ्यावर चट्टे, हे प्रकरण काही नवीन नाही. हो, हे माणसाला होतं. पिल्लू जिथे कवटाळून धरतो तिथेच आधी उठतं.

हे ओळखायची एक पद्धत मला फार आवडते. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ साली एक असं फिल्टर बनवलं की दिसणारा उजेड अडतो आणि अतिनील किरण तेवढे बाहेर पडतात. पुढे १९२५ च्या सुमारास लक्षात आलं की बुरशी लागलेला केस या दिव्याखाली चमकतो, आणि तेव्हापासून वुड्स लॅम्प त्वचेच्या डॉक्टरांकडे आहे. खोलीत पूर्ण अंधार करायचा, पडदे वगैरे सगळं, डोळे सरावेपर्यंत थांबायचं आणि दिवा कातडीच्या अगदी जवळ नेऊन हळूहळू फिरवायचा. मायक्रोस्पोरम कॅनिस केसात वाढताना टेरिडिन नावाचं रसायन सोडते आणि ते सफरचंदी हिरवं चमकतं. बघायचं काय, तर केस. तुटक्या केसाची बारीक दांडी मुळापासून हिरवी दिसली तर संशय पक्का. कोंडा, सोफ्याचे धागे, आधी लावलेलं मलम हेही चमकतं पण निळसर पांढरट, आणि नवखा माणूस इथेच फसतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त जांभळ्या टॉर्चने तर जवळपास सगळंच चमकतं, त्यावर भरवसा ठेवू नका.

दिव्याने नाही कळलं तर कल्चर. त्यासाठी नवा कोरा टूथब्रश पाकिटातून काढून पिल्लाच्या सगळ्या अंगावर दोन-तीन मिनिटं फिरवतात, मग ते ब्रिसल्स बुरशी वाढवायच्या प्लेटवर टेकवतात आणि वाट बघतात, दोन-तीन आठवडे. एवढा वेळ थांबायचा कंटाळा येतो हे खरं आहे, पण त्या ब्रशवर बुरशीचं डोळ्याला न दिसणारं बी सुद्धा येतं, म्हणून अंगावर काहीच दिसत नसलेल्या भावंडांचंही कळतं.

इलाजाचं बघितलं तर धडधाकट पिल्लाचं गजकर्ण दोन-तीन महिन्यांत आपोआपही जातं, पण तोवर ते घरभर बी टाकत फिरतं. म्हणून इट्राकोनॅझोल पोटात देतात, बऱ्याचदा एक आठवडा औषध आणि एक आठवडा सुट्टी अशा पद्धतीने, आणि वरून अँटिफंगल शाम्पू किंवा लाइम सल्फरचं पाणी, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. डोस वजनावर ठरतो, अंदाजाने नाही. पूर्वी ग्रिसोफुल्विन द्यायचे, ते मांजरांच्या बोन मॅरोला, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या मगजाला, त्रास देतं म्हणून मागे पडलं. आणि केस परत आले म्हणजे झालं असं समजून लोक औषध बंद करतात ना, तिथेच घोळ होतो, कारण केस आधी येतात आणि बुरशी नंतर जाते. घरात बी महिनोन् महिने जिवंत राहू शकतं पण ते जमिनीवर वाढत नाही, तेव्हा केस झाडून-पुसून काढले आणि चादरी दोनदा धुतल्या की बरंच काम होतं. घर जाळायची गरज नाही.

आता खाज. पिल्लू वेड्यासारखं खाजवतंय, कानाच्या वरच्या कडेवर जाड राखाडी खपल्या आहेत, मग कपाळ, डोळ्यांभोवती, आणि दोन महिन्यांचं पिल्लू म्हाताऱ्या चेहऱ्याचं दिसायला लागलंय, तर ही बहुतेक लूत, नोटोएड्रिस कॅटी नावाच्या माईटची. पिल्लू गोळा होऊन झोपतं तेव्हा तोंडावरून पंजावर जाते. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की गोल गोल किडे डझनभर दिसतात, यात शंकेला जागाच उरत नाही. कानाच्या आतली माईट वेगळी, ओटोडेक्टिस. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा चोथा आणि सारखं डोकं झटकणं. दोन्हींवर मानेवर टाकायचे सेलामेक्टिनसारखे थेंब चांगले चालतात, पण पिल्लाचं वय साधारण सहा-आठ आठवडे झालं का ते बघून.

पिसवांचा हिशोब तर करून बघण्यासारखा आहे. साधारण ७० मादी पिसवा दिवसाला १ मिली रक्त पितात. अर्ध्या किलोच्या पिल्लात एकूण रक्त असतं ३० मिलीच्या आसपास. म्हणजे आठवड्याभरात काय होईल ते तुम्हीच मोजा, आणि म्हणून पिसवांनी भरलेल्या पिल्लाच्या हिरड्या आधी बघा, गुलाबी नसून पांढऱ्या फटक असतील तर त्याच दिवशी दवाखाना. पिसू दिसत नसेल तर फणीने निघालेली काळी कचकच ओल्या पांढऱ्या कागदावर टाका, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. मांजरावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम पाच टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष सतरंजीत आणि फरशीच्या फटीत. कोष महिनोन् महिने गप्प बसतो आणि माणसाची चाहूल, ऊब लागली की फुटतो, म्हणून पुण्याहून महिन्याने परत येऊन कुलूप उघडलं की पायावर उड्या पडतात. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला औषध नको, बारीक फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी, बस. आंघोळ घातलीच तर लगेच कोरडं करून उबेत ठेवा, इतकी लहान पिल्लं स्वतःला गरम ठेवू शकत नाहीत.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मांजराचं लिव्हर आपल्यासारखं नाही. औषध आणि विष निकामी करून बाहेर टाकायचा ग्लुकुरोनिडेशन नावाचा जो मार्ग आहे त्यातलं एक महत्त्वाचं जीन, यूजीटी१ए६, मांजरांत मोडलेलं आहे, आणि नुसत्या घरच्या नाही, वाघ-सिंहांतसुद्धा. मटण खाऊन जगणाऱ्या कुळाला झाडपाल्यातली विषं पचवायची फारशी गरजच पडली नाही, असं त्याचं कारण सांगतात. परिणाम असा की पॅरासिटामॉल मांजराला मारतं, फिनाइल जातीची जंतुनाशकं भारी पडतात, टी ट्री ऑइल नको, आणि कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनवाले पिसवांचे थेंब पिल्लावर टाकले तर काही तासांत थरथर आणि झटके. तसं झालंच तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा आणि दवाखान्यात पळा. गाडीचं जळकं ऑइल लुतीवर लावतात तेही तसलंच, मांजर ते चाटून पोटात घेतं. मेडिकलमधल्या त्या ट्यूबमध्ये बहुतेक तगडं स्टिरॉइड असतं, लाली दोन दिवसांत जाते, सगळे खूश, आणि खाली बुरशी निवांत पसरत राहते. आमच्या वाड्यात एकीच्या पिल्लाचा नाकावरचा चट्टा असाच चारही पायांवर गेला, वर ट्यूब देणारा म्हणतो की ताई, अजून आठ दिवस लावा.

इंदूरकरांना महू जवळ आहे, तिथलं व्हेटरनरी कॉलेज १९५५ पासूनचं आहे, शहरातही जनावरांचे डॉक्टर भरपूर आहेत. जाताना पिल्लाला काही लावू नका, मलमाने दिव्याची तपासणी बिघडते. आणि टोपलीत एकटं पिल्लू नाही, भावंडं आणि आईही घ्या, ज्यांच्या अंगावर काहीच दिसत नाही ती सुद्धा.