शस्त्रक्रियेपूर्वी स्कॅनद्वारे कर्करोगाच्या फैलावाची तपासणी

कर्करोगाचे निदान पक्के झाल्यावर आणि शस्त्रक्रियेचा निर्णय होण्यापूर्वी रोग शरीरात कुठवर पोचला आहे, हे सीटी स्कॅन, एमआरआय, पेट स्कॅन, सोनोग्राफी अशा तपासण्यांवरून ठरवण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात याला ‘स्टेज काढणे’ किंवा ‘स्टेजिंग’ म्हणतात. गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे बायोप्सी सांगते. स्कॅनने द्यायची उत्तरे वेगळी असतात. गाठ भोवतालच्या निरोगी ऊतीच्या कडेसकट पूर्ण निघेल का? ती एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीला, हाडाला किंवा मज्जातंतूला चिकटली आहे का? आणि रोग आधीच दूरच्या अवयवात जाऊन बसला असेल, तर एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसून रुग्णाच्या पदरात काय पडणार?

फैलाव नोंदवण्याची जगभर चालणारी भाषा म्हणजे टीएनएम वर्गीकरण. फ्रेंच शल्यचिकित्सक प्येर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात ते उभे केले. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे आसपासच्या लसिका ग्रंथी (शरीराच्या रोगप्रतिकाराचा भाग असलेल्या लहान गाठी) आणि एम म्हणजे दूरचा फैलाव. स्कॅन व शारीरिक तपासणीवरून ठरलेल्या टप्प्याआधी ‘सी’ हे अक्षर लावतात. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ठरलेल्या टप्प्याआधी ‘पी’. दोन्ही दरवेळी जुळतातच असे नाही.

सीटी स्कॅन येण्यापूर्वी पोटाच्या कॅन्सरचा खरा विस्तार अनेकदा पोट उघडल्यावरच कळत असे. रोग काढण्यापलीकडे गेलेला दिसला की सर्जन ते तसेच शिवून टाकत आणि रुग्णाच्या वाट्याला नुसती जखम येई. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि त्यानंतर हे चित्र हळूहळू बदलत गेले.

या कामातले बारकावे पाहायचे तर स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन घ्यावा. शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्रात अवयव उठून दिसावेत म्हणून दिलेले द्रव्य) दिल्यावर चित्रे दोनदा घेतात. पहिल्या वेळी, साधारण ४० ते ४५ सेकंदांनी, निरोगी स्वादुपिंड उजळते आणि गाठ त्यात काळसर डागासारखी उठून दिसते. दुसऱ्या वेळी यकृत आणि नीला नीट दिसतात. मग रेडिओलॉजिस्ट पातळ काप एकामागून एक सरकवत आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीचा मागोवा घेतो. या धमनीभोवती चरबीचे काळे कडे असते. ते शाबूत असेल, तर गाठ अजून धमनीपर्यंत आलेली नाही. कडे एका बाजूने पुसट झाले असेल, तर धमनीच्या घेराचा किती भाग गाठीने वेढला आहे हे मोजतात. वेढा १८० अंशांपर्यंत असेल, तर रोग सीमेवरचा समजून बहुधा आधी केमोथेरपी देतात. त्याहून जास्त असेल, तर सहसा थेट शस्त्रक्रियेला हात घालत नाहीत. कावीळ उतरवण्यासाठी पित्तनलिकेत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) घातल्यावर आजूबाजूला सूज येते आणि हेच कडे धूसर होते. म्हणून स्कॅन स्टेंटच्या आधी व्हायला हवा. क्रम चुकला की सर्वांत महत्त्वाची रेषाच वाचता येत नाही. हा रोग वेगाने पुढे सरकतो, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी स्कॅन चार आठवड्यांहून जुना नसावा, असा दंडक आहे.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये हेच काम एमआरआय करतो. गुदाशयाभोवती चरबीचे वेष्टन असते आणि त्यावर पातळ पापुद्रा. सर्जन सुरी चालवतो ती या पापुद्र्याच्या बाहेरून. गाठ त्यापासून १ मिमी.च्या आत आली असेल, तर कड रोगमुक्त राहण्याची खात्री उरत नाही आणि आधी रेडिएशन किंवा केमोथेरपीचा विचार होतो. जीभ व तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ किती खोल गेली आहे आणि मज्जातंतूच्या वाटेने सरकली आहे का, हे एमआरआयवर चांगले कळते. जबड्याचे हाड कुरतडले आहे का, यासाठी सीटी उपयोगी पडतो. अन्ननलिका व जठराच्या भिंतीचे थर एकेक करून पाहायचे असतील, तर दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी वापरतात.

लसिका ग्रंथी हा मात्र सगळ्याच स्कॅनचा कच्चा दुवा आहे. छातीतली ग्रंथी आखूड बाजूने १० मिमी.हून मोठी असली की संशयास्पद धरतात, पण हा निकष आकाराचा आहे, रोगाचा नव्हे. नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीत मूठभर कॅन्सरपेशी लपलेल्या असू शकतात, तर क्षयरोगाने किंवा साध्या जंतुसंसर्गाने सुजलेली ग्रंथी कॅन्सरचा आभास निर्माण करते.

पेट स्कॅन आकाराऐवजी पेशींची भूक पाहतो. बहुतेक कॅन्सरपेशी साखर जास्त खेचतात, म्हणून फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात. याचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटांचा. रुग्ण चार ते सहा तास उपाशी असतो. इंजेक्शननंतर जवळपास तासभर त्याने पांघरूण घेऊन शांत पडून राहायचे असते. डोके-मानेच्या रुग्णाला तर या वेळात बोलूही नका म्हणून सांगतात, कारण बोलले की स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात आणि घशात खोटा ठिपका उमटतो. थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबीही (शरीराला ऊब देणारी) उजळते. मेंदू मुळातच साखरेवर जगतो, म्हणून तिथला फैलाव शोधायला एमआरआयच लागतो.

या तपासणीचा सर्वांत मोठा फायदा फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये दिसला. नेदरलँड्समधील १८८ रुग्णांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांवर विसंबलेल्या गटात ४१ टक्के रुग्णांची छाती उघडणे व्यर्थ ठरले. पेट स्कॅन जोडलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. प्रोस्टेटसाठी ग्लुकोजऐवजी प्रोस्टेटच्या पेशींवर आढळणाऱ्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे द्रव्य वापरतात. ऑस्ट्रेलियातील ३०२ पुरुषांच्या २०२० मधील चाचणीत त्याची अचूकता ९२ टक्के, तर सीटी व हाडांच्या स्कॅनची मिळून ६५ टक्के आढळली.

तरीही पेटवरचा ठिपका म्हणजे पुरावा नव्हे. क्षयरोग आणि सार्कॉइडोसिस (ग्रंथी व फुफ्फुसे सुजवणारा, कॅन्सर नसलेला आजार) हेसुद्धा तसेच उजळतात. एकाच ठिपक्यावरून ‘रोग पसरला’ म्हणून शस्त्रक्रिया नाकारली आणि तो ठिपका क्षयाचा निघाला, तर बरा होऊ शकणारा माणूस आपण हातचा घालवला. म्हणून जिथे निर्णय एका डागावर अडला आहे, तिथे आधी सुईने नमुना घेऊन खात्री करावी, हा नियम मोडू नये. छातीतल्या ग्रंथींचा नमुना श्वासनलिकेतून सोनोग्राफीच्या आधाराने घेता येतो. उलट बाजूही आहे. पोटाच्या अस्तरावर पसरलेले रव्याएवढे कण स्कॅनवर अनेकदा दिसतच नाहीत. म्हणून जठराच्या कॅन्सरमध्ये मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी लॅपरोस्कोपीने, म्हणजे लहान छेदातून दुर्बीण घालून, पोटात डोकावून पाहतात.

प्रत्येक रुग्णाला प्रत्येक स्कॅन लागत नाही. लक्षणे नसलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये दूरचा फैलाव सापडण्याची शक्यता इतकी कमी असते, की पेट स्कॅनने खऱ्यापेक्षा खोट्या शंकाच जास्त उभ्या राहतात आणि उपचार लांबतात.

केमोथेरपीनंतर वाचन आणखी अवघड होते, कारण मेलेल्या गाठीचा व्रण आणि जिवंत गाठ सारखीच दिसू शकतात. आतड्याच्या कॅन्सरच्या यकृतात पसरलेल्या गाठी कधीकधी औषधाने चित्रावरून पार नाहीशा होतात, पण त्यातल्या बऱ्याच जागी जिवंत पेशी उरलेल्या असतात. नवा स्कॅन स्वच्छ असला तरी गाठी मूळच्या कुठे होत्या हे सर्जनला जुन्याच चित्रांवरून शोधावे लागते. म्हणून केमोथेरपीपूर्वीचा स्कॅन जपून ठेवायचा असतो, आणि ऑपरेशनच्या टेबलावर यकृतावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवताना समोरच्या पडद्यावर तोच लावलेला असतो.