वॉर्डातली नोंद संगणकावर कशी आली

पणजीत १८४२ साली सुरू झालेली पोर्तुगीज काळातली वैद्यकीय शाळा म्हणजे आजच्या गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ. तिचं इस्पितळ आता बांबोळीला आहे. तिथे म्हापसा, मडगाव, फोंड्याहून पाठवलेले रुग्ण येतात, तसेच सावंतवाडी-दोडामार्ग आणि कारवारकडूनही. कुणाची चिठ्ठी देवनागरीत, कुणाची रोमीत, कुणाची कन्नडमध्ये. ही माणसं एका संगणक प्रणालीत नोंदवताना पहिली अडचण येते ती नावांची. गोव्यातली आडनावं रोमी लिपीत पोर्तुगीज वळणानेही लिहिली जातात आणि इंग्रजी वळणानेही. देसाई कधी एका ‘एस’ने, कधी दोन, शेट कधी ‘एस’ने, कधी ‘एक्स’ने. शोधताना नाव सापडलं नाही की काउंटरवर नवा नंबर तयार होतो, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या नंबरावरच पडून राहते. म्हणून नवी नोंदणी करण्याआधी मोबाइल नंबर आणि जन्मवर्षावरून शोधायचंच. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) असेल तर काम सोपं होतं, पण तो ऐच्छिक आहे.

वॉर्डातल्या नोंदी पडद्यावर नेण्याची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या एल कॅमिनो इस्पितळात १९७१ पासून डॉक्टरांच्या ऑर्डरी प्रकाश-लेखणीने पडद्यावर निवडल्या जात आणि परिचर्येच्या नोंदीही त्याच यंत्रणेत होत. आपल्याकडे सुरुवात उलट्या टोकाने झाली. आधी आले आकडे: २००८ मध्ये आरोग्य माहितीचं राष्ट्रीय पोर्टल, २००९ मध्ये माता-बालकांचा मागोवा घेणारी यंत्रणा, २०१६ मध्ये एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांसाठी टॅबलेटवरचं ‘अनमोल’ ॲप. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं केंद्राने २०१३ मध्ये ठरवली, २०१६ मध्ये सुधारली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर लागू झालं. इस्पितळांतही पहिल्यांदा संगणकावर येतात ती सहसा नोंदणी, बिल, लॅब आणि फार्मसी. सिस्टरची नोंद शेवटी जोडली जाते, आणि हे मागाहून जोडणं नेमकं वॉर्डात जाणवतं.

कागदावर टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टात एक ठिपका दिला की काम झालं. तापाचा चढउतार लांबूनही दिसे. पडद्यावर त्यासाठी लॉगिन, रुग्ण शोधणं, मनगटाच्या पट्टीवरचा नंबर ताडून पाहणं, चार-पाच चौकटी भरणं आणि सेव्ह. तीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर आणि एकच संगणक असेल तर आकडे आधी हातावर किंवा चिठ्ठीवर जातात आणि मागाहून चढवले जातात. इथे सर्वांत घातक चूक होते. सकाळी ८ चं इंजेक्शन १०.३० ला नोंदवलं आणि वेळ बदलली नाही, तर प्रणाली १०.३० हीच दिल्याची वेळ धरते. सहा तासांनी द्यायचा डोस मग २ ऐवजी ४.३० ला दिसतो. ‘दिल्याची वेळ’ आणि ‘नोंदवल्याची वेळ’ हे दोन वेगळे रकाने हवेतच. हे मागणं चैनीचं नाही.

कार्डेक्सचंही, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या चालू काळजीचा सारांश असलेल्या कार्डाचंही तसंच. ते पेन्सिलीने लिहायचं, खोडायचं, म्हणून ते नेहमी आजचं असे. हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, तेच हातात धरून खाटेखाटेशी जाता येई. कित्येक प्रणालींत त्याची जागा घेणारं एक पान नाही, म्हणून खिशातल्या चिठ्ठ्या परत आल्या. शिवाय कालची नोंद कॉपी करायची सोय असली की काढून टाकलेला कॅथेटर आणखी तीन दिवस ‘आहे’ असाच दिसतो.

प्रशिक्षण बहुधा सभागृहात दोन तासांचं असतं. मोठ्या पडद्यावर एक नमुना रुग्ण ॲडमिट होतो आणि डिस्चार्ज होतो. चुकीच्या रुग्णावर पडलेली नोंद कशी दुरुस्त करायची, नाव न ठेवलेल्या बाळाला आईच्या नोंदीशी कसं जोडायचं, दुसऱ्या वॉर्डात हलवताना चालू औषधांचं काय होतं, हे राहून जातं. परिचर्येतल्या माहिती-तंत्रज्ञानाचा विषय भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात घातला, पण आधीपासून नोकरीत असलेल्यांच्या वाट्याला तो आला नाही. त्यांना वॉर्डातच, प्रणाली सुरू होण्याच्या आठवडाभर आधी शिकवावं. प्रत्येक पाळीत, रात्रीच्याही, एक जाणकार सिस्टर असावी आणि तिच्याकडे त्या काळात खाटा कमी द्याव्यात. कागद आणि संगणक दोन्ही चालवायचे असतील तर कागद कधी बंद होणार ती तारीख आधीच जाहीर करावी. नाहीतर दुप्पट लिखाण कायमचं होतं.

पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क पडतं. त्यासाठी प्रत्येक वॉर्डात कोऱ्या चार्टांचा गठ्ठा आणि दर पाळीच्या सुरुवातीला छापलेली रुग्ण व औषधांची यादी ठेवायची. प्रणाली परत आली की आधी औषधं, मग ॲलर्जी, मग व्हायटल्स (ताप, नाडी, रक्तदाब वगैरे) चढवायचे, प्रत्येक नोंदीत खरी वेळ घालायची, आणि तो कागद केसपेपरला जोडायचा, फाडायचा नाही.